गाडीतल्या फ्रिजसाठी बॅटरी: आधी वॅट-तास मोजा, मग एएच विचारा

बॅटरीच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" फ्रिजसाठी हवी आहे म्हटलं की लगेच दुसरा, "मग दीडशे एएचची ट्यूब्युलर देऊ का?" (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; ट्यूब्युलर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची जाड प्लेटांची बॅटरी.) दुकानदाराचं चुकत नाही. त्याच्याकडे रोज येणारी गिऱ्हाइकं एक तर सेल्फ लागत नाही म्हणून आलेली असतात, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरसाठी. गाडीतला फ्रिज या दोन्हींत बसत नाही. त्याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: फ्रिज दिवसाला किती वीज खातो (वॅट-तासांत, म्हणजे वॅट गुणिले तास), गाडी सलग किती तास उभी राहणार, आणि वापरलेली वीज परत कुठून भरणार. बॅटरी किती एएचची हा हिशोब सगळ्यांत शेवटी.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून एक ठोस उदाहरण धरून चालू. मारुती इकोसारखी गाडी, सीटमागे ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, मे महिना. पुण्याहून शुक्रवारी पहाटे निघायचं, संध्याकाळी पाचच्या सुमारास तारकर्लीला पोचायचं आणि रविवारी सकाळी नऊला परत फिरायचं. मधले चाळीस तास गाडी माडाखाली उभी. आत दूध, भाज्या, पाण्याच्या बाटल्या आणि मालवणच्या बाजारातून आणलेली मासळी.

१. फ्रिज कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा

गाडीत चालणारे म्हणून चार प्रकारचे फ्रिज विकले जातात आणि विजेच्या बाबतीत त्यांचा एकमेकांशी काही मेळ नाही.

सगळ्यांत स्वस्त मिळतो तो पेल्टियरचा, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला थर्मोइलेक्ट्रिक डबा. सिगरेट लायटरच्या सॉकेटला लागतो, आवाज करत नाही, आणि बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. मे महिन्यात बंद गाडीत ४२ अंश झाले तर आतलं दूध बावीस-पंचवीस अंशांवर. वर हा डबा कधी थांबतच नाही. ४-५ अँपिअर चोवीस तास ओढत राहतो, म्हणजे दिवसाला हजार वॅट-तासांच्या वर. याच्यासाठी बॅटरीचा हिशोब करत बसू नका. तेवढ्या पैशांत चांगला आइसबॉक्स आणि बर्फ येतो, आणि दूधही जास्त टिकतं.

दुसरा प्रकार गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज. परदेशातल्या कॅरॅव्हॅनमध्ये असतो. बारा व्होल्टवर तो चालत्या गाडीतच चालवायचा असतो. उभ्या गाडीत बॅटरीवर लावला तर तासाला शंभर वॅट-तासांच्या वर खातो.

तिसरा म्हणजे घरचा फ्रिज इन्व्हर्टर लावून. हा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज बारा व्होल्टच्या ४५ लिटरवाल्यापेक्षा स्वस्त पडतो आणि त्याच्या स्टिकरवर वर्षाला दीडशे-दोनशे युनिट लिहिलेली असतात, म्हणजे रोजचं अर्धं युनिट. कागदावर छानच दिसतं. पण स्टिकरवर नसलेला एक खर्च असतो, तो इन्व्हर्टरचा स्वतःचा. कॉम्प्रेसर बंद असतानाही इन्व्हर्टर जागा असतो आणि १० ते २० वॅट खात बसतो. चोवीस तासांत ते २४० ते ४८० वॅट-तास झाले. फ्रिज खातो जवळपास तेवढंच इन्व्हर्टर खातो! शिवाय जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट मागतो, म्हणून १०० वॅटच्या फ्रिजला हजार वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर घ्यावा लागतो. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गरम होतो, घुंघुं आवाज करतो आणि लवकर मरतो. मोठ्या ट्रॅव्हलरमध्ये, छतावर भरपूर सोलर असेल आणि इतर कामांसाठी इन्व्हर्टर तसाही चालूच राहणार असेल, तर घरचा फ्रिज चालेल. इकोत नको.

राहिला चौथा, १२ किंवा २४ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. हा चालू असताना ४० ते ६० वॅट घेतो आणि थंड झाला की थांबतो. पुढचा सगळा हिशोब याचाच.

२. चोवीस तास मोजा

फ्रिजच्या खोक्यावर '५० वॅट' लिहिलेलं असतं ते कॉम्प्रेसर चालू असतानाचं. दिवसातून तो किती वेळ चालतो, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते खोक्यावर नसतं. आमच्या ५० वॅटच्या फ्रिजचं ढोबळ गणित असं:

महाबळेश्वरच्या डिसेंबरात तो तासातली पंधरा-अठरा मिनिटं चालेल, म्हणजे दिवसाला साधारण ३५० वॅट-तास. कोकणातल्या मे महिन्यात, बंद गाडीत, दर तासाला कोणीतरी बाटली काढायला झाकण उघडतंय अशा स्थितीत तो निम्म्याहून जास्त वेळ चालतो. ५५ टक्के धरा, म्हणजे ६६० वॅट-तास. आणि त्याच फ्रिजला उणे १५ वर फ्रीझर म्हणून लावलंत तर ८० टक्के वेळ चालून ९५० च्या वर जातो. एकच फ्रिज, तीन वेगळे आकडे. 'माझा तर शंभर एएचवर तीन दिवस चालतो' असं कोणी सांगितलं की पहिलं विचारावं, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या गावी.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर मोजणं अवघड नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन छोटा डीसी वॅटमीटर मिळतो. रिमोटवरची विमानं उडवणारे वापरतात तो. बॅटरी आणि फ्रिजच्या मध्ये लावायचा, फ्रिजमध्ये नेहमीइतक्या भरलेल्या बाटल्या ठेवायच्या, गाडी उन्हात उभी करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी येऊन वॅट-तासाचा आकडा वाचायचा. थंडीत मोजत असाल तर उन्हाळ्यासाठी त्याच्या पावणेदोन ते दोन पट धरा.

बॅटरी मोठी करण्याआधी हा आकडा लहान करता येतो का ते बघा, कारण तो मार्ग स्वस्त आहे. फ्रिजच्या जाळीपुढे चार बोटं जागा मोकळी हवी. सामान रचताना नेमकी तीच बाजू झाकली जाते आणि फ्रिज आपलीच गरम हवा परत ओढत बसतो. इन्सुलेशनचं कव्हर घ्या, पण जाळी उघडी राहील असं. घरच्या विजेवर आदल्या रात्री फ्रिज आणि आतलं सामान दोन्ही थंड करून मग गाडीत ठेवा. खोलीच्या तापमानाचं पाच लिटर पाणी पाच अंशांवर आणायला लागणारी वीज तुमच्या बॅटरीतून जाण्याऐवजी महावितरणच्या तारेतून आलेली बरी.

३. उभं राहण्याचे तास आणि बाकीचा भार

दिवसाला ६६० म्हणजे तासाला साधारण २७-२८ वॅट-तास. चाळीस तासांचे झाले ११००. आता बाकीचं: दोन रात्री १२ व्होल्टचा १५ वॅटचा पंखा, आठ-आठ तास, म्हणजे २४०. एलईडी दिवा आणि चौघांचे फोन मिळून आणखी दोनशे धरा. एकूण १५४० वॅट-तास. सोलर नाही, गाडी चालू करायची नाही, असं गृहीत धरून.

गाडीच्या मूळ बॅटरीवर हे का होत नाही ते इथेच कळतं. छोट्या गाड्यांत ३५ ते ४५ एएचची बॅटरी असते. ३५ एएच गुणिले १२, म्हणजे ४२० वॅट-तास, तेही नवी आणि पूर्ण भरलेली असताना. निम्मी वापरली तर सात-आठ तास फ्रिज चालेल आणि पहाटे सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक-टक' ऐकू येईल. स्टार्टरच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात; दोन सेकंद दोनशे-तीनशे अँपिअर द्यायचे आणि लगेच परत भरून घ्यायचं, यासाठी ती बनवलेली असते. अशी पाच-दहा वेळा खोल उतरवली की ती चार्जिंग धरेनाशी होते. म्हणून फ्रिजला वेगळी बॅटरी, याला पर्याय नाही. दुपारी जेवायला दोन तास थांबलात, तेवढ्यापुरता फ्रिज मूळ बॅटरीवर राहिला तर हरकत नाही.

४. बॅटरीची जात

बाजारात तीन पर्याय समोर येतात.

ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड. घरच्या इन्व्हर्टरची. प्लेटा जाड, खोल डिस्चार्ज सोसणारी, आणि रुपयाला वॅट-तास सर्वांत जास्त देणारी. पण दीडशे एएचची एक बॅटरी ५० ते ६० किलोची, उंच आणि आत पातळ अ‍ॅसिड. आंबोली किंवा फोंडा घाटाच्या वळणांवर ती हिंदकळते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही त्याच डब्यात झोपणार असता. शिवाय तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. आमचे १५४० वॅट-तास निम्म्यात बसवायचे तर ३०८० ची बॅटरी हवी, म्हणजे १२ व्होल्टला २५७ एएच. थोडक्यात दीडशेच्या दोन ट्यूब्युलर, शंभर किलोच्या वर. दोन माणसांचं वजन फक्त दूध थंड ठेवायला!

एजीएम किंवा जेल, म्हणजे सीलबंद लेड-अ‍ॅसिड. पाणी टाकायचं नाही, सांडत नाही, नेहमीच्या वापरात वायू बाहेर सोडत नाही. गाडीच्या आत ठेवायला ट्यूब्युलरपेक्षा कितीतरी बरी. शंभर एएच साधारण ३० किलो. मात्र निम्म्यापर्यंतच वापरायची अट इथेही आहे, आणि रोज निम्मी वापरली तर काही शे फेऱ्यांत (एकदा उतरवून परत भरली की एक फेरी) थकते. वर्षातून चार-पाच सहली आणि रोज गाडी चालत राहणार असेल, तर हा शहाणपणाचा पर्याय आहे. वाटतो तेवढा जुनाट नाही.

तिसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात 'एलएफपी' किंवा नुसतं 'लिथियम' म्हणतात ती. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट. शंभर एएचची बॅटरी ११ ते १३ किलो. तिच्यातले ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येतात आणि नीट वापरली तर दोन हजारांच्या वर फेऱ्या देते. फोन आणि बऱ्याच ई-स्कूटरमध्ये असलेल्या दुसऱ्या लिथियम रसायनापेक्षा ही उष्णतेत जास्त स्थिर, म्हणून गाडीत ठेवायची तर 'लिथियम' एवढ्या शब्दावर समाधान मानू नका, आयर्न फॉस्फेटच आहे ना ते लेबलवर वाचा. १२.८ व्होल्ट लिहिलेलं असेल तर एलएफपी, ११.१ लिहिलेलं असेल तर ते दुसरं रसायन.

एएचची तुलना सरळ करू नका. वॅट-तास काढा आणि त्यातले वापरता येणारे किती ते धरा. शंभर एएचची एजीएम: १२०० वॅट-तास, कामाचे ६००. शंभर एएचची एलएफपी: १२८०, कामाचे ११५० पर्यंत. म्हणजे एलएफपीची किंमत एजीएमच्या दुप्पट असली तरी वापरता येणाऱ्या विजेच्या भावात दोघी जवळपास बरोबरीत येतात, आणि फेऱ्यांचा हिशोब धरला तर एलएफपी पुढे जाते. लेडच्या बॅटरीवर एएच कुठल्या वेगाने मोजलंय तेही लिहिलेलं असतं: सी-२० म्हणजे वीस तासांत सावकाश उतरवून, सी-१० म्हणजे दहा तासांत. एकाच बॅटरीचा सी-२० चा आकडा मोठा दिसतो. आपला फ्रिज सावकाशच ओढतो, त्यामुळे सी-२० आपल्याला चालतं, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एकीचा सी-१० आणि दुसरीचा सी-२० शेजारी ठेवू नका.

आमच्या उदाहरणात मी १५० एएचची एलएफपी घेईन. १९२० वॅट-तास, त्यातले ९० टक्के म्हणजे १७२८, गरज १५४०. किंवा शंभर एएचची एलएफपी आणि छतावर शंभर-दीडशे वॅटचं पॅनेल. यातलं कुठलं, ते पुढच्या पायरीवर ठरतं.

५. परत भरणार कशी

इथे बहुतेकांचा हिशोब फसतो. मोठी बॅटरी घेतली जाते आणि ती कधी पूर्ण भरतच नाही.

चालत्या गाडीतून भरण्यासाठी पूर्वी एक जाड रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) टाकून दोन्ही बॅटऱ्या जोडायचे. लेडच्या बॅटरीला आणि जुन्या गाडीला ते अजून चालतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं जनित्र) इंधन वाचवण्यासाठी आपला व्होल्टेज वरखाली करतो. मूळ बॅटरी भरली की तो उतरवतो आणि तुमच्या फ्रिजच्या बॅटरीपर्यंत फारसं काही पोचत नाही. लिथियमचं उलटं आहे. तिचा आतला रोध इतका कमी की सरळ जोडली तर ती अल्टरनेटर देईल तेवढा सगळा करंट ओढते. इंजिन आयडलवर, पंखा हळू, अल्टरनेटर पूर्ण भारावर: अशात अल्टरनेटर जळतो. म्हणून लिथियमला डीसी-टू-डीसी चार्जर लावायचाच. तो मधे बसून ठरावीक अँपिअर घेतो, लिथियमला हवा तो १४.२ ते १४.६ व्होल्ट देतो, आणि इंजिन बंद झालं की मूळ बॅटरी सोडतो. अल्टरनेटरचा व्होल्टेज बदलणारी गाडी असेल तर चार्जरला इग्निशनची तार जोडायला इलेक्ट्रिशियनला सांगा. नाहीतर तो मधेच गाडी बंद आहे असं समजून थांबेल.

छोट्या गाडीला २० अँपिअरचा चार्जर पुरतो. तासाला साधारण २७० वॅट-तास. पुणे-तारकर्ली आठ-नऊ तासांचा रस्ता, म्हणजे दीडशे एएचची बॅटरी पोचेपर्यंत भरलेली असते, फ्रिज चालू ठेवूनसुद्धा. आणि शनिवारी मालवणात जाऊन यायला अर्धा तास गाडी चालली, तर १३५ वॅट-तास परत आले, म्हणजे फ्रिजचे पाच तास. मला तरी सोलरपेक्षा हा हिशोब जास्त भरवशाचा वाटतो, कारण माडाखाली पॅनेल चालत नाही.

लेडच्या बॅटरीची एक खोड इथे लक्षात ठेवा. ती ८० टक्क्यांपर्यंत झटपट भरते, पण शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास घेते, मग चार्जर कितीही मोठा लावा. दोन-दोन तासांच्या तुकड्यांत प्रवास करणाऱ्यांची लेड बॅटरी कायम ऐंशीवर अडकते, आणि अर्धवट भरलेली लेड सल्फेट धरून वर्षभरात बसते. लिथियमला अर्धवट राहण्याचं काहीच वाटत नाही.

सोलरचं म्हणाल तर छतावर सपाट लावलेलं १०० वॅटचं पॅनेल महाराष्ट्रात मार्च-मेमध्ये, स्वच्छ आणि सावलीबाहेर असताना, दिवसाला ३५०-४०० वॅट-तास देतं. पावसाळ्यात त्याच्या पाव भागावर समाधान मानायची तयारी ठेवा. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा) घ्या आणि तो लिथियमच्या सेटिंगवर लावा. उघड्यावर, पठारावर किंवा नदीकाठी तळ ठोकणाऱ्यांना उन्हाळ्यात नुसत्या फ्रिजला २०० वॅट आणि शंभर एएचची बॅटरी बेमुदत पुरते. आमच्यासारख्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मोठी बॅटरीच घ्यावी. सावलीत फ्रिजही कमी खातो.

काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत २३० व्होल्टचं आउटपुट मिळतं. तुमच्याकडे तशी गाडी असेल तर वेगळ्या बॅटरीच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

६. वायर: बॅटरीवर येणारा खोटा आळ

"नवी बॅटरी, तरी फ्रिज मधेच बंद पडतो." या तक्रारीत बॅटरी बहुतेक वेळा निर्दोष असते. मल्टीमीटर घेऊन बघा. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३ आणि त्याच वेळी, कॉम्प्रेसर चालू असताना, फ्रिजच्या प्लगवर ११.४ दाखवत असेल, तर हरवलेले ०.९ व्होल्ट तारेत आहेत.

गणित सोपं आहे. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम रोध देते. समजा बॅटरी पुढे, फ्रिज डिकीत, तार पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. फ्रिज ५ अँपिअर ओढतो. एक चौरस मिमीच्या तारेत ०.८८ व्होल्ट पडतात, अडीचच्या तारेत ०.३५, सहाच्या तारेत ०.१५. सुरू होताना करंट वाढतो, तेव्हा हा खड्डा आणखी खोल. लायटर सॉकेटची कारखान्यातली तार बारीक असते आणि सॉकेटची स्प्रिंग सैल. तिथे प्लग हाताला गरम लागला तर समजा वीज तिथेच जळतेय.

म्हणून फ्रिजसाठी ४ किंवा ६ चौरस मिमीची, शुद्ध तांब्याची, बारीक धाग्यांची लवचीक वायर ओढा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीत अर्ध्या भावात मिळते. टोक तासून बघा, आत चंदेरी दिसलं आणि वायर हाताला हलकी लागली तर परत करा. चांगल्या मरीन (बोटींसाठीच्या) वायरवर कथलाचा मुलामा असतो आणि तीही वरून चंदेरीच दिसते, पण तासल्यावर तांबं निघतं. कोकणात वारंवार जाणाऱ्यांनी तीच घ्यावी. लग (तारेच्या टोकाचं कडं) हातोडीने ठोकू नका, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबून घ्या. फ्रिजची निगेटिव्ह तार बॉडीच्या कुठल्यातरी स्क्रूला न लावता बॅटरीपर्यंत परत आणा. सगळ्यांत चांगलं म्हणजे दुसरी बॅटरी फ्रिजच्या शेजारीच ठेवणं; मग लांब तार फक्त चार्जरची उरते आणि तो व्होल्टेज स्वतः सांभाळतो.

७. फ्यूज, जागा, बांधणी

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फ्रिजजवळ लावलेला फ्यूज फ्रिज वाचवतो; मधल्या पाच मीटर तारेचं शॉर्ट झालं तर आग लागते, तिला तो थांबवू शकत नाही. चार्जरच्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. फ्रिजच्या फांदीला १५ अँपिअर पुरतो. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देऊ शकते, म्हणून मुख्य फ्यूज दुचाकीच्या पेटीतला काचेचा नको. एवढा करंट तोडू शकणारा एएनएल किंवा टी-क्लास जातीचा घ्या.

सीएनजी गाडी असेल तर हे आधीच ठरवा: सिलिंडर डिकीत असतो आणि त्याचा व्हॉल्व्हही तिथेच. बॅटरी, रिले, चार्जर, स्विच यातलं काहीही त्या कप्प्यात नको. ठिणगी पडू शकणारी प्रत्येक गोष्ट पुढे, पुढच्या सीटमागे, व्हॉल्व्हपासून लांब. सीएनजी बसवणाऱ्या अधिकृत गॅरेजला एकदा दाखवून घ्या.

बॅटरी ट्रेमध्ये बसवून पट्ट्याने अशी आवळा की दोन्ही हातांनी ओढली तरी हलू नये. बारा किलोचा ठोकळा ब्रेक दाबल्यावर पुढे येतो. त्यासाठी चासी वेल्ड करू नका किंवा मूळ वायरिंगची जुडी कापू नका. वॉरंटी जाते आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. सीटचे बोल्ट वापरून पट्टी लावता येते.

उष्णतेचं म्हणाल तर लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना अर्धं होतं असा जुना आणि खरा ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडी आत साठच्या आसपास जाते, आणि बॉनेटखाली त्याहून वाईट. लिथियमचं संरक्षक सर्किट साधारण ५०-५५ अंशांच्या पुढे चार्जिंग थांबवतं. म्हणून बॅटरी बॉनेटखाली नाही, इंजिनापासून लांबच्या सीटखाली, सावलीत. उलट टोकाला, लडाख-स्पितीला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी शून्याखाली चार्जिंग आपोआप बंद करणारी बॅटरी आहे ना ते विचारून घ्यावं. गोठलेल्या लिथियमला चार्ज केलं की तिचं कायमचं नुकसान होतं. वापरायला मात्र हरकत नाही, आणि तिथे फ्रिज तसाही रात्रभर झोपलेला असतो.

८. फ्रिजवरचं कट-ऑफ बटण

बहुतेक कॉम्प्रेसर फ्रिजवर बॅटरी संरक्षणाच्या तीन पायऱ्या असतात: हाय, मीडियम, लो. हाय म्हणजे फ्रिज लवकर बंद होणार, साधारण अकरा व्होल्टच्या थोडं वर. लो म्हणजे दहाच्या आसपासपर्यंत ओढत राहणार. नेमके आकडे पुस्तिकेत बघा. मूळ बॅटरीवर असताना हाय. एजीएमवरही हायच, आणि तरीही लक्षात घ्या की अकरा व्होल्टला लेडची बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. निम्म्यावर थांबायचं तर १२.२ ला तुम्हीच बंद करा. लिथियमवर लो ठेवा, कारण तिच्या आत स्वतःचं कट-ऑफ आहे.

लेडची बॅटरी तासभर काही न लावता ठेवली की व्होल्टेज खरं सांगते: १२.७ पूर्ण, १२.४ पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव. लिथियम असं काही सांगत नाही. ती नव्वद टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत १३ च्या आसपासच रेंगाळते आणि मग एकदम कोसळते. तिच्यासाठी शंटवाला मॉनिटर घ्या, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजून टक्के दाखवतो. पुष्कळ बॅटऱ्यांत आता ब्लूटूथ असतं. ते नसेल तर हा खर्च टाळू नका.

९. घेताना आणि घेतल्यावर

लिथियममध्ये लेबलला भुलून फसणं सोपं आहे. वजन बघा: शंभर एएचची म्हणून सात-आठ किलोची बॅटरी कोणी देत असेल तर आत शंभर एएच नाहीत. घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करून हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब वॅटमीटरमधून लावा आणि बॅटरी स्वतः बंद पडेपर्यंत चालू द्या. वीस तासांच्या वर चालून मीटरवर १२०० च्या पुढचा आकडा आला तर माल खरा. बल्ब फरशीच्या तुकड्यावर ठेवा, खूप तापतो. ही चाचणी परत करायची मुदत संपायच्या आत करा. वॉरंटी किती वर्षांची याच्या आधी विचारा की बॅटरी दुरुस्तीला कुठे जाते. गावातच कोणी उघडून बघणारा असेल तर पाच वर्षांच्या कागदी वॉरंटीपेक्षा मी त्याला मान देईन.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या, आणि पॉझिटिव्ह एकीवरून तर निगेटिव्ह दुसरीवरून काढा. लेड आणि लिथियम कधीही समांतर जोडू नका.

वायरिंग नकोच असेल तर पोर्टेबल पॉवर स्टेशन (बॅटरी, चार्जर आणि सॉकेट एकाच डब्यात) हा मार्ग आहे. उचलून घरी नेता येतो, भाड्याच्या गाडीतही चालतो. फक्त लायटर सॉकेटवरून तो तासाला शंभर वॅट-तासांच्या आसपासच भरतो, म्हणजे आठ तासांच्या प्रवासात आठशे वॅट-तास, आणि त्याच वेळी फ्रिजही त्याच्यावर असेल तर त्यातले दोनशेहून जास्त फ्रिजच खातो. एका रात्रीच्या मुक्कामाला तेवढं भागतं.

आइस्क्रीम, दूध किंवा मासळी विकणाऱ्या टेम्पोंचा हिशोब वेगळा आहे. दोनशे लिटरचा डीप फ्रीझर दिवसभर बॅटरीवर ओढायचा तर बॅटरीचं भांडवल धंद्यापेक्षा मोठं होतं. आइस्क्रीमच्या हातगाड्यांत युटेक्टिक प्लेटा असतात. रात्री घरच्या विजेवर त्या गोठवायच्या आणि दिवसभर त्यांच्यावर माल थंड राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातले लसींचे बर्फाच्या अस्तराचे फ्रिजही याच विचाराने बनवलेले, दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी लस दोन ते आठ अंशांत राहते. विक्रीच्या गाडीत आधी थंडी साठवा, आणि बॅटरी फक्त पंखा आणि वजनकाट्यापुरती ठेवा.

सहली संपल्यावर, पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर लेडची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावा. लिथियम उलट, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून सगळे भार सोडवा. ब्लूटूथ आणि मॉनिटरही थोडं थोडं खात असतात. टर्मिनलला व्हॅसलिन लावा. जुनी लेडची बॅटरी वजनावर घेतली जाते, नवीच्या किमतीतून तेवढे पैसे वळते करून घ्या. लिथियमची भंगारवाल्याला देऊ नका, तो ती उघडून पत्रा काढायला बघतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि तो ती कुठे घेतो हे बिल फाडायच्या आधी विचारून बिलावरच लिहून घ्या.